निरोप राहिलेली नावं

करंजगव्हाणच्या वेशीवर दरसाल दिवाळी सरली की एक काम चालतं, ते आजूबाजूच्या कुठल्याच गावात चालत नाही. ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर रांगेने लागतात. ट्रॉल्यांत गाठोडी चढतात, पत्र्याच्या पेट्या चढतात, शेळ्या चढतात. माणसं मात्र खालीच उभी राहतात. ड्रायव्हर तंबाखू मळत बसतो. मुकादम मोबाईलवर पलीकडच्याला सांगतो, निघालोच म्हणून, पण निघत नाही. कारण सहादेव अजून आलेला नसतो.

मग तो येतो. उंच, वाळलेला, अंगात पांढरी बंडी, गळ्यात कवड्यांची माळ, कमरेला संबळ. घाई त्याच्या चालीत कधीच नव्हती. वेशीच्या दगडाशी तो उभा राहतो, उगवतीकडच्या पहिल्या घरापासून सुरुवात करतो आणि एकेकाचं नाव घेऊन त्याला वाटेला लावतो. नाव, मागून ते उचलणारी साथ, मग संबळाचा ठोका, मग पुढचं नाव. ज्याचं नाव झालं तो मान खाली घालून ट्रॉलीत चढतो. गुढीपाडव्याच्या सुमाराला माणसं परतली की पुन्हा हाच वेशीवर, आणि तेव्हा तो त्यांना आत बोलावतो. त्याने नाव घेतल्याशिवाय कुणी वेस ओलांडत नाही.

नगरच्या एका कॉलेजातून ही रीत बघायला माणसं आली होती. गावाने त्यांना सांगितलं की हे वाडवडलांपासून चालत आलंय.  सहादेवला मात्र ठाऊक होतं की ही रीत वाडवडलांची नाही. ती एका सिनेमातून आली आहे, आणि तो सिनेमा कुणी कधी पाहिला नाही, कारण तो झालाच नाही.

सहादेव गोंधळ्याच्या घरात जन्मला. त्याचा बाप गहिनीनाथ तिसगावपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत नावाजलेला गोंधळी होता. कुणाचं लग्न झालं, कुणाचा नवस फिटला, की त्याला बोलावणं यायचं. मग अंगणात धान्याचा चौक भरायचा, वर कलश मांडायचा, दिवटी पेटवायची आणि संबळाच्या तालावर देवीला, आणि देवीमागून ठिकठिकाणच्या देवांना, नावं घेऊन हाका मारायच्या. गोंधळी हाक मारतो, मागे उभा असलेला झीलकरी ती हाक उचलून धरतो. पहाटे आरती झाली की ज्यांना बोलावलं त्यांना तशीच नावं घेऊन परत वाटेला लावायचं, आणि दिवटी दुधात शांत करायची.

बापाने त्याला आधी संबळ शिकवला नाही, पाठवणी शिकवली. गहिनीनाथ म्हणायचा, बोलावणं कुणीबी करील, पाठवणी ज्याला येती तो गोंधळी. दुसरं सांगणं असं की खोट्या चौकावर देवी बोलवायची नाही. तिसरं, ज्याने झील धरली तोच पाठवणीलाही पाहिजे. हाक दोघांची असते, एकट्याने ती मागे घेता येत नाही. सहादेवने ही तिन्ही सांगणी आयुष्यभर पाळली. थोडी कोरडवाहू जमीन, एक मुलगा कल्याण, आणि बायको भागूबाई, जिच्या जिभेला गावातले मुकादमही वचकून असत. झील धरायला चुलतभाऊ होता, तो पुण्याला गाडी चालवायला गेला. त्यानंतर सहादेव एकट्यानेच जमेल तेवढा गोंधळ घालायचा. गोंधळही कमी झाले होते. लग्नात डीजे लागत होते.

सिनेमावाले आले ते पौषात. तेव्हा गाव रिकामं असतं. तोडीला जाणारे गेलेले, दारांना कड्या-कुलपं, गल्ल्यांत वारा. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि कुत्री. कुलपांच्या साऱ्या किल्ल्या मुक्ताबाई नावाच्या म्हातारीपाशी असत; ती एका दोरीत ओवून त्या गळ्यात घालायची आणि चालताना गाईसारखी वाजायची.

दिग्दर्शक ऋत्विज नावाचा तरुण होता, मुंबईचा, बोलायला गोड. त्याला रिकामंच गाव हवं होतं. त्याने चावडीपुढे बसून म्हाताऱ्यांना गोष्ट सांगितली. एक बँड गाडी बंद पडून एका गावात येतो. गावात कुणीच नसतं. बँड रिकाम्या घरांपुढे वाजवतो आणि वाजवता वाजवता घरांतून माणसं बाहेर यायला लागतात. ती माणसं जिवंत की मेलेली, ते शेवटपर्यंत सांगायचं नाही. बँड खराच होता, चौघांचा, नाव ठणाणा. कसलं गाणं म्हणतात म्हणून भागूबाईने विचारलं. ऋत्विज म्हणाला, पंक रॉक. म्हणजे चिडलेल्या माणसांचं गाणं, सुराची पर्वा न करता ओरडून म्हणायचं.

"मग आमच्या घरात रोजच असतंय की," भागूबाई म्हणाली.

बँडची गाणारी पोरगी राजनंदिनी. नाव असं राजघराण्यातलं आणि डोकं अर्धं भादरलेलं, उरलेल्या केसांचा कोंबड्यासारखा हिरवा तुरा. मुक्ताबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "अर्धेच केस दिले व्हय गं देवीला? बाकीचे नवस फिटल्यावर?" पोरगी पोट धरून हसली. तेव्हापासून ती मुक्ताबाईच्याच ओट्यावर जेवायची.

सहादेवने तिचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. ओरडणं होतं खरं, पण पोकळ नव्हतं. नाभीपासून निघून घशात फाटणारा आवाज. असा आवाज त्याने बापाच्या वेळी ऐकला होता, गोंधळात एखाद्या बाईच्या अंगात यायचं तेव्हा. त्याने भागूबाईला सांगितलंही, की ही पोरगी झील धरायला जन्मलीय आणि हिला ते ठाऊक न्हाई.

ऋत्विजला सिनेमात गोंधळ हवा होता. एका बाजूला सहादेवचा संबळ, दुसऱ्या बाजूला राजनंदिनीचा आवाज, मध्ये चौक. सहादेव म्हणाला, गोंधळ रातचा असतो. ऋत्विजने चावडीपुढच्या मोकळ्या जागेवर खांब रोवून मोठं काळं कापड ताणून घेतलं, चारी बाजूंनी खाली सोडलं, आणि भर दुपारी त्याखाली रात्र केली. सहादेव म्हणाला, खोट्या चौकावर मी देवी बोलवणार न्हाई. ऋत्विज म्हणाला, "देवी नको काका, दुसरं काहीही बोलवा. भाषा कुणाला कळणारे?"

ते शेवटचं वाक्य सहादेवला लागलं. तो रात्रभर त्यावर विचार करत पडून राहिला आणि सकाळी त्याला तोड सुचली. आपलं डोकं किती चालतं याचा त्याला मोठा अभिमान वाटला. देवांना नाही बोलवायचं. गावाला बोलवायचं. गाव तर रिकामंच आहे. जोगव्याच्या फेरीला जाताना ज्या क्रमाने दारं लागतात त्या क्रमाने माणसांची नावं घ्यायची. ना देवीचा अपमान, ना सिनेमाचं अडणार.

सेटवर गेला तर पोरांनी रंगवलेल्या भुशाचा चौक भरलेला. ते मात्र त्याच्याने बघवलं नाही. गहिनीनाथाच्या मुलासमोर भुशाचा चौक. त्याने तो पायाने मोडला, घरून ज्वारी आणली आणि हाताने रीतसर चौक भरला, कोपरे बांधले, कलश मांडला. खोट्या कामासाठी खरा चौक त्याने स्वतः भरला, आणि भरताना त्याला वाटलं की आपण कामाची लाज राखतोय.

राजनंदिनीने विचारलं, मी काय ओरडू. तो म्हणाला, "काय न्हाई. माझी हाक कानावर आली की उचलायची. तुला येतंय ते."

कापडाखाली दिवटी पेटली. बाहेर टळटळीत ऊन, आत अंधार. सहादेवने संबळावर काठी ठेवली आणि उगवतीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. दगडूच्या घरचे, या; मग एकेकाचं नाव. राजनंदिनीने हाक उचलली. आवाज कापडाला जाऊन भिडला आणि कापड आतून फुगलं. दुसरं घर. तिसरं घर. तिच्या प्रत्येक ओरडीत नाव फुटायचं आणि पुन्हा सांधायचं. सहादेवचं वय उतरत गेलं. बापामागे उभा राहून जो ताल त्याच्या हातात यायचा तो आला. कॅमेरा आहे हे तो विसरला. घरामागून घर घेत तो आपल्या स्वतःच्या दाराशी आला. कल्याण, ये. सुने रूपाली, ये. रूपालीला दिवस गेलेले होते, तशीच ती चौथ्या महिन्यात नवऱ्याबरोबर तोडीला गेली होती. ते आठवलं आणि त्या भरात त्याच्या तोंडून निघालं, रूपालीच्या पोटातलं, तूबी ये.

राजनंदिनीने तीही हाक उचलली.

मग ऋत्विज कट म्हणाला. कुणीतरी पंखा लावला आणि दिवटी विझली. सगळे टाळ्या वाजवत होते. सहादेव म्हणाला, पाठवणी राहिली. ऋत्विजने सांगितलं की ती शेवटच्या दिवशी घ्यायची आहे, सिनेमात असं मागचं पुढे होतं. चौकाला कुणी हात लावू नका, जसाच्या तसा लागेल, असं बजावून पोरांनी त्यावर मोठी प्लास्टिकची टोपली पालथी घातली.

सहादेव कापड सारून बाहेर आला. ऊन डोळ्यांत गेलं. गल्लीत कुत्री उभी होती. एकेका बंद दारापुढे एकेक कुत्रं, दाराकडे तोंड करून, शेपूट हलवत.

शेवटचा दिवस आलाच नाही. मुंबईहून फोन आला. पैसा लावणाऱ्याने हात काढून घेतला म्हणे. त्याच दुपारी सामान टेम्पोत भरायला लागले. सहादेव ऋत्विजच्या मागे मागे फिरत होता, की शेवट राहिलाय, तेवढा करा, मग जावा.

"सिनेमाच राहिला काका," ऋत्विज म्हणाला. त्याचे डोळे रडल्यासारखे होते, म्हणून सहादेवने त्याची वाट सोडली. राजनंदिनी मुक्ताबाईच्या पाया पडली, सहादेवचा नंबर घेतला, आणि टेम्पोमागून त्यांची गाडी धुळीत दिसेनाशी झाली. काळं कापड काढायला कुणाला सवड झाली नाही. ते तिथेच राहिलं, वाऱ्यावर आत-बाहेर होत, श्वास घेतल्यासारखं.

 पहिल्या काही दिवसांतच डोळे असलेल्या माणसाला दिसायचं ते दिसत होतं. दुपारी सावली पायाखाली आली की बंद दारांच्या कड्या आतून कुणी चाचपावं तशा हलायच्या. कुत्री खायला घातलं तरी दारं सोडत नव्हती. कुलूप लागलेल्या घरांवरून भाजलेल्या भाकरीचा वास यायचा. मुक्ताबाई गळ्यातल्या किल्ल्या मुठीत धरून बसायला लागली. म्हणाली, या गरम लागत्यात. सहादेवने टोपली उचलून पाहिली. ज्वारीचा दाणा हलला नव्हता. तो टोपली तशीच बाजूला ठेवून आला, चिमण्यांनी तरी मोडावा म्हणून. चिमण्या कापडाच्या कडेपर्यंत आल्या आणि फिरल्या.

मग कल्याणचा फोन आला, कोल्हापूरकडच्या फडातून. टोळीला काय झालंय कळंना, म्हणाला. दुपारची येळ झाली की सगळ्यांचे कोयते थांबत्यात. कुणी सांगत न्हाई, कुणी ठरवत न्हाई. सगळी माणसं उसात उभी राहत्यात आणि एकाच बाजूला तोंड करून बघत्यात. मुकादम शिव्या देतो, पाणी मारतो, तवा भानावर येत्यात. कुठल्या बाजूला, म्हणून सहादेवने विचारलं, विचारायची गरज नसताना. कल्याण म्हणाला, गावाकडं.

त्याने फोन रूपालीकडे दिला. ती एरवी सासऱ्याशी मोजकंच बोलायची.

"मामा," ती म्हणाली, "कुणीतरी हाका मारतंय. मला न्हाई. आतल्याला."

सातवा लागला होता. पोटात कळा येत होत्या. दवाखान्यात दाखवलं, डॉक्टरांनी पडून राहा म्हणून सांगितलं, पण दुपार झाली की पोर पोटात असं फिरायचं जसं काही वाट शोधतंय. आत्ताच बाहेर आलं तर उसाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत, ते जगणार नव्हतं. हे तिला कळत होतं. सहादेवला कळत होतं. आणि ते का येऊ बघतंय हे एकट्या सहादेवला कळत होतं.

त्याने ते भागूबाईला सांगितलं. तिने त्याला काही टाकून बोलावं अशी तो वाट बघत होता.  तिने दुधाचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला.

तो एकटाच कापडाखाली गेला. चौकापुढे बसून एकेक नाव घेत पाठवणी करायला लागला. पण नाव तोंडातून निघायचं आणि पुढे जायचं नाही, समोर लोंबकळत राहायचं. उचलायला मागे कुणी नव्हतं. संबळाचा आवाज ओल्या भिंतीवर मारल्यासारखा. शेवटी दिवटीवर दूध ओतलं, तर दूध पेटलं.

बाहेर आल्यावर त्याने राजनंदिनीला फोन लावला. काय सांगावं, कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत होता. ती आधीच बोलली. बँड तुटला होता. ती गायला उभी राहिली की गाण्याचे शब्द जायचे आणि नावं यायची. दगडू. दगडूची बायको. तिसऱ्या घरातली थोरली. तिने कधी न पाहिलेल्या माणसांची नावं, त्याच क्रमाने. आणि शेवटी एक असं यायचं ज्याला नावच नव्हतं, नुसती हाक होती, आणि तिथे तिचा आवाज बसायचा.

"काका," ती म्हणाली, "मी काय उचललं तिथे?"

"ये," सहादेव म्हणाला. "खाली ठिवायचंय."

ती एसटीने तिसगावला उतरली. तुरा गेला होता, डोकं पूर्ण भादरलेलं. मुक्ताबाईने या वेळी चेष्टा केली नाही, नुसतं पदराने तिचं डोकं झाकलं.

दोघं भर दुपारी कापडाखाली उभे राहिले, कारण हाक दुपारची होती. सहादेवने तिला सांगितलं, या बारीला ओरडायचं न्हाई. उचलायचं आणि हळू सोडायचं. मग त्याने उगवतीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. दगडूच्या घरचे, जा. आपल्या वाटंला जा. तिने झील धरली, बारीक, जवळजवळ कुजबुजल्यासारखी. बाहेर एका कुत्र्याने जांभई दिल्याचा आवाज आला आणि ते धपकन खाली बसलं. दुसरं घर. तिसरं घर. माणसांना त्यांच्याच घरांतून हाकलावं तसं त्याला वाटत होतं. आपल्या तोंडून हे गाव रिकामं होतंय. पण थांबता येत नव्हतं. कड्या एकेक करून स्थिर होत गेल्या. मुक्ताबाई बाहेर बसली होती, तिने नंतर सांगितलं की गल्लीतून शेळ्यांचा कळप जावा तशी धूळ उठून वेशीकडे गेली, शेळ्या मात्र नव्हत्या.

कल्याण, जा. रूपाली, जा. मग संबळ थांबला. पोटातल्याला जा म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. जा म्हटलं आणि ते कायमचंच गेलं तर. आणि न म्हणावं तर ते उद्या-परवा यायचंच, मरायला. राजनंदिनी त्याच्याकडे बघत उभी होती, हाक झेलायला तोंड उघडं.

"तू जा," सहादेव म्हणाला. "दिस भरले की तुझं तूच ये. मी हाक मारणार न्हाई."

तिने ती सोडली. त्याने दिवटीवर दूध घातलं आणि ती साध्या दिवटीसारखी चुरचुरून विझली. कापडाच्या फटीतून एक चिमणी आत आली आणि चौकातली ज्वारी टिपायला लागली.

त्या संध्याकाळी कल्याणचा फोन आला. रूपालीच्या कळा थांबल्या होत्या. टोळी त्या दुपारी थांबली नव्हती.

इथे गोष्ट संपली असं सहादेवला वाटलं. पण पाडव्याला ट्रॅक्टर परतले. नेहमी ट्रॉल्या वेशीपाशी आल्या की पोरं उड्या मारून घराकडे पळायची. या वेळी सगळे उतरले आणि वेशीपाशीच उभे राहिले. गाठोडी डोक्यावर, लेकरं कडेवर. कुणी आत येईना. गल्लीतली कुत्री त्यांच्यावर भुंकायला लागली, परक्यावर भुंकावं तशी. मुक्ताबाई किल्ल्या घेऊन पुढे झाली, दगडूच्या हातात त्याची किल्ली दिली, तर तो ती उलटसुलट करून बघत राहिला. सहादेव रूपालीपाशी गेला. दिस भरत आलेले, चेहरा थकलेला. तिने मान वर करून लांबून आपलं घर पाहिलं.

"मामा, ते घर कुणाचं हाय?" तिने विचारलं.

सहादेव तिथूनच मागे फिरला आणि संबळ कमरेला बांधूनच परत आला. रीतसर वाटेला लावलेली माणसं रीतसर बोलावल्याशिवाय यायची नाहीत, हे त्याला आधी कळायला हवं होतं. त्याने राजनंदिनीला फोन लावला, भागूबाई तो हातात धरून त्याच्या मागे उभी राहिली, आणि फोनमधून ती झील धरत गेली. एकेक नाव. एकेक माणूस दचकून जागा झाल्यासारखा वेस ओलांडायचा, आणि त्याच्या दारातलं कुत्रं भुंकायचं थांबायचं. रूपाली, ये. ती आली. तिच्या पोटातल्याबद्दल तो काही बोलला नाही. त्याने शब्द दिला होता.

अशी ती रीत पडली. आत बोलावलं म्हणून दिवाळीनंतर पाठवावं लागलं, पाठवलं म्हणून पाडव्याला बोलवावं लागलं. राजनंदिनी दोन्ही वेळी यायची, कधी एसटीने, कधी मोटारसायकलवर. एकदा येताना तिने मुक्ताबाईला हिरवं लुगडं आणलं. ऋत्विजचं पुढे काय झालं कुणाला कळलं नाही. काळं कापड उन्हाने विरून चिंध्या होऊन गेलं, खांब लोकांनी गोठ्यांना वापरले.

रूपालीला मुलगी झाली, दिस भरल्यावर, भर दुपारी. भागूबाई पाणी तापवायला उठली आणि परत येईस्तोवर पोर बाहेर. ते रडलं नाही. डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत होतं. नाव ठेवलं रेश्मा. ती रांगली, चालली, खेळली, पण बोलली नाही. आई म्हणाली नाही, पाणी म्हणाली नाही. नगरच्या डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, सगळं चांगलं होतं. दुपारी मात्र ती चावडीपुढच्या त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहायची, जिथे आता काहीच नाही. कुत्री तिच्याभोवती बसायची.

इतकी वर्षं रूपाली पोरीसाठी घरी राहिली आणि कल्याण टोळीचा ट्रॅक्टर चालवत गेला. यंदा ट्रॅक्टरवर दुसरा ड्रायव्हर आला. मुकादमाला तोडीला नवरा-बायकोची जोडी हवी होती. रूपालीने पेटी भरली, पोरीचे कपडे भरले.

सहादेवने ते कपडे पेटीतून काढून बाहेर ठेवले.

"मामा, तिचं नाव घ्या," रूपाली म्हणाली. तिने आजवर त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. "तिला सोडून मी कशी जाऊ?"

"एकदा पाठवलीया मी तिला," सहादेव म्हणाला. "तवा ती परत आली. दुसऱ्यांदा यील का, मला ठाऊक न्हाई."

 भागूबाईने पोरीचे कपडे पुन्हा फळीवर रचले, मोठ्यावर लहान.

निघायच्या सकाळी राजनंदिनीचा फोन आला. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, येता येणार नव्हतं. ती रडत होती. फोनवरून झील धरीन म्हणाली, पण मग म्हणाली की काका, परवापासून नावं आठवतच नाहीत. एकसुद्धा. कुणी तोंडातून काढून घेतल्यासारखी. सहादेव तिला म्हणाला, बरं झालं पोरी, सुटलीस. आणि फोन ठेवून तो वेशीकडे निघाला. मागे कोण उभं राहणार हे त्याला ठाऊक नव्हतं. तोडीची माणसं दगडाभोवती उभी होती. रूपालीच्या कडेवर रेश्मा होती. ती खाली उतरली, आईचा हात सोडला, आणि आजोबाच्या मागे जाऊन उभी राहिली.

सहादेवने मागे पाहिलं नाही. त्याने उगवतीच्या पहिल्या घराचं नाव घेतलं, दगडूचं, आणि काठी उचलून थांबला.

मागून झील आली. लहान घशातली, फाटकी, नाभीपासून निघालेली. मुक्ताबाईने डोळे मिटले. तो आवाज राजनंदिनीचा होता, हे गावाला सांगावं लागलं नाही. सहादेवचा ठोका चुकला नाही. नाव, झील, ठोका. ट्रॉल्या भरत गेल्या. दारं एकेक करून गप्प झाली. कल्याणचं नाव झालं आणि तो चढला.

आता एकच नाव राहिलं होतं. रूपाली आपल्या पोरीकडे बघत उभी होती. पोरीने अजून एकदाही तिला आई म्हटलं नव्हतं.

सहादेवने सुनेचं नाव घेतलं.

रेश्माने ते उचललं, हळू सोडलं, आणि रूपाली मान खाली घालून ट्रॉलीत चढली.